आंबोलीचं रान पुण्याच्या बाल्कनीत? सगळं नाही, पण थोडंसं जमतं, ते असं

आधीच सांगतो, रेनफॉरेस्टची झाडं म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर ॲमेझॉन येतं, आणि नर्सरीवालेही त्याच नावाखाली मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन असली मंडळी विकतात. ती मध्य-दक्षिण अमेरिकेतली झाडं, दिसायला झकास, माझ्याकडेही एक आहे, पण हा लेख त्यांच्याबद्दल नाही. आपल्या सह्याद्रीत स्वतःचं सदाहरित, निमसदाहरित रान आहे, आंबोली, तिळारी, राधानगरी, कोयना, भीमाशंकर, माथेरान असं तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं. त्यातली कितीतरी झाडं कोकणात आज्या-पणज्यांनी परसात लावलेली असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो की हे रानातलं झाड आहे. कोकम, सुरंगी, तिरफळ, काळी मिरी, तिखी, सगळी तिथलीच.

माझं गाव सावंतवाडीजवळ, राहतो पुण्यात, पूर्वेकडच्या बाल्कनीत. म्हणजे दोन्हीकडे हात काळे (खरं तर गावाला लाल) करून झालेत आणि दोन्हीकडे झाडं मारूनही झालीत. सुरुवातीला मला वाटायचं की पावसातली झाडं म्हणजे पाणी घालत राहायचं. आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पुण्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका, मग उरलेला आपण पाइपने द्यायचा, असा हिशोब. तीन कुंड्या कुजल्या तेव्हा अक्कल आली. आपल्याकडचा पाऊस असतो चार महिने, उरलेले सात-आठ महिने हे रानसुद्धा कोरडंच असतं, केरळच्या दक्षिण टोकाला हेच कोरडे महिने दोन-तीन. तरी आपलं रान हिरवं राहतं ते वरच्या झाडांच्या सावलीमुळे आणि खालच्या पाचोळ्यामुळे. पाऊस आपल्याला आणता येत नाही, सावली आणि पाचोळा आणता येतो. खाली जे काही लिहिलंय ते याच एका गोष्टीभोवती आहे.

पहिलं काम: काही विकत घेऊ नका, चालून या

झाड कुठे उभं आहे ते बघितल्याशिवाय ते घरी कुठे ठेवायचं ते कळत नाही. म्हणून आधी एक चक्कर रानात. गर्दीचे धबधबे सोडा, आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाकडची वाट घ्या किंवा माथेरानला दस्तुरीपासून पुढे चालत जा, त्यापुढे मोटारी जात नाहीत त्यामुळे सगळं गावच एक लांबलचक जंगलवाट आहे. महाबळेश्वरला पॉइंटांच्या मधल्या वाटांवर अंजनी, जांभूळ, पिसा यांचंच रान आहे, लोक मॅप्रोच्या रांगेत उभे असतात आणि वाट रिकामी असते. भीमाशंकरला शेकरू दिसण्याची शक्यता जास्त, पण झाडं बघायची तर सुट्टीच्या दिवशी आणि श्रावणी सोमवारी चुकूनही जाऊ नका.

गेल्यावर करायचं काय? दहा पावलं चालायचं आणि थांबायचं. पहिल्यांदा वर बघा, आभाळ किती दिसतंय. मग डोळ्यांच्या उंचीला काय आहे, मग गुडघ्याच्या, मग पायाखाली. प्रत्येक मजल्यावर वेगळी मंडळी राहतात आणि प्रत्येकाला मिळणारा उजेड वेगळा. रोपटं सावलीत वाढतंय की झाड पडून झालेल्या मोकळ्या जागेत, खडकावर आहे की ओढ्याकाठच्या चिखलात, एवढं जरी फोनमध्ये बोलून ठेवलं तरी पुरे. (टाइप करत बसू नका, ओल्या बोटांनी होत नाही. व्हॉइस नोट.) पानाचं टोक बघा, बऱ्याच पानांना पुढे शेपटीसारखं निमुळतं टोक असतं, त्यावरून पाणी गळून जातं आणि पान लवकर सुकतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर कोवळी पालवी तांबडी, तांबूस-जांभळी, अगदी मखमली दिसते, नागकेशराचं झाड तर लांबून फुलल्यासारखं वाटतं आणि जवळ गेलं की कळतं पानंच आहेत.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण माझी सगळी बागकाम-विद्या तिथून सुरू झाली. बाशिंग नावाचं नेचं आहे, जुन्या आंब्यांच्या बुंध्यांवर, कधी कधी खडकांवर असतं, सिंधुदुर्गात रस्त्याकडेलाही दिसेल. त्याला दोन तऱ्हेची पानं असतात. एक लांब, हिरवी, कातरलेली. दुसरी आखूड, तपकिरी, कागदासारखी, बुंध्याला वाटीसारखी चिकटलेली, लोकांना वाटतं वाळलेली पानं आहेत, काढून टाकूया. नाही! ती वाटी म्हणजे त्याची कुंडी आहे. एकदा नोव्हेंबरात, पाऊस जाऊन महिना झालेला, मी त्या वाटीत बोट घातलं. बाहेर बुंधा खडखडीत कोरडा आणि आत काळाभोर, ओलसर, चहाच्या चोथ्यासारखा चुरा, आंब्याची कुजकी पानं, कसल्यातरी शेंगेचं टरफल आणि एक छोटा गोमेसारखा किडा जो माझ्यावर भयंकर चिडला. वरच्या झाडाने टाकलेला कचरा पकडायचा, कुजवायचा आणि त्यावर आठ महिने काढायचे. झाडाला माती मुळात मिळालेलीच नाही, त्याने ती तयार केलीय.

रानात कसं वागायचं (थोडक्यात, पण वाचा)

अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे, आणि "एवढंसं ऑर्किड तर आहे" हे तिथे चालत नाही. देवराईत तर गावचाच कायदा असतो आणि तो जास्त कडक. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाच्या झाडांची दलदल आहे, देवराईच्या रूपाने टिकलेली, महाराष्ट्रात असली जागा म्हणजे चमत्कारच. २०२१ ला तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे झाडांची मुळं चिखलातून वर येऊन गुडघ्यासारखी वाकून परत खाली जातात, कारण चिखलात हवा नसते आणि मुळांना श्वास घ्यायला वर यावं लागतं. त्या गुडघ्यांवर पाय देऊन फोटो काढणारे लोक मी बघितलेत. गावातल्या माणसाला सोबत घ्या, चपला काढायला सांगितल्या तर काढा, राखणदाराला (जागेच्या रक्षक देवाला) नारळ ठेवायला सांगितला तर ठेवा. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या पाण्यात माशाची एक नवीन जात सापडली, २०२० मध्ये तिला नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि पुढच्याच वर्षी ती जागाही वारसा स्थळ झाली, तेव्हा तिथे कुंडात पाय घालून बसू नका ही विनंती.

जळवा. पावसाळ्यात असणारच. लांब मोजे, पँट मोज्यात खोचलेली, मोज्यांना तंबाखूचं पाणी चोळलेलं, आणि खिशात मिठाची पुडी, पण ती मुख्यतः बुटावर चढणाऱ्यांसाठी. अंगाला लागलेली जळू ओढून काढू नका, नख तिच्या तोंडाच्या बाजूने सरकवा, सुटते. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही, ती रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते म्हणून. दाबून ठेवा, धुवा, संपलं.

आणि ॲपवर नाव बघून रानातलं काहीही तोंडात घालायचं नाही. शेवळं (पावसाळी रानभाजी) चांगली शिजली नाहीत तर घसा सुजवतात, कळलावी दिसायला अप्सरा आहे आणि तिचा कंद विषारी, काजऱ्याची नारिंगी फळं तर बघूनच खावीशी वाटतात आणि त्यांच्या बियांत स्ट्रिक्निन नावाचं जहर असतं. खाजकुइलीला तर हातसुद्धा लावू नका, तिच्यावर मी वेगळा लेख लिहू शकतो, रडत रडत.

दुसरं काम: घरातला उजेड मोजा

दुपारी बाराच्या सुमारास पांढरा कागद जिथे कुंडी ठेवायची तिथे ठेवा आणि वर फूटभर अंतरावर हात धरा. सावली कडक, बोटं स्पष्ट दिसतात? तिथे फार ऊन आहे, लहान रोपं भाजतील. सावली आहे पण कडा पुसट? हीच जागा. सावली पडतच नाही? तिथे नेचं तग धरेल, बाकी काही नको. ही टेस्ट तीनदा करा, डिसेंबरात, मार्चच्या शेवटी आणि मे मध्ये, कारण सूर्य सरकतो आणि हिवाळ्यात सुरक्षित असलेला कोपरा मे महिन्यात तवा होतो.

माझी सुरंगीची पाच रोपं अशीच गेली. गावाहून आणली, पुण्यात पश्चिमेच्या गच्चीवर ठेवली, म्हटलं झाड तर केवढं मोठं होतं, ऊन हवंच असणार. आठवड्यात पानं कागदासारखी. पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "अरे, तेका उनात कित्याक ठेवलंस? आंब्याखाली ठेव." मोठं झाड उन्हात असतं हे खरं, पण त्याचं बालपण आईच्या आणि इतर दहा झाडांच्या सावलीत गेलेलं असतं. रानातल्या बहुतेक मोठ्या झाडांना हा नियम लागू होतो: पहिली दोन-तीन वर्षं गाळलेलं ऊन, मग हळूहळू मोकळं. फ्लॅटवाल्यांनी पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावली तरी चालतं, फक्त ती भिंतीला न चिकटवता मधे हवा खेळेल अशी लावा.

परस असेल तर प्रश्नच नाही, एखादा आंबा, फणस असतोच, त्याच्या पूर्वेला किंवा उत्तरेला रोपं लावा म्हणजे दुपारचं दक्षिण-पश्चिमेचं ऊन बुंधा खातो. मिरीचा वेलसुद्धा आधाराच्या झाडाच्या उत्तर बाजूला लावतात ते याचसाठी.

तिसरं काम: पाचोळा गोळा करा, निदान आठ महिने आधी

सोसायटीत सकाळी झाडू मारून पानं एका कोपऱ्यात जाळतात किंवा घंटागाडीत टाकतात. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, दोन पोती पानं बाजूला ठेवतात. प्लॅस्टिकच्या पोत्याला दहा-बारा भोकं पाडा, पानं भरा, ओली करा, तोंड बांधा, सावलीत टाकून द्या आणि विसरा. महिन्यातून एकदा आठवण आली तर पाणी शिंपडा आणि उलटं करा. आठ ते बारा महिन्यांत खाली काळा, मऊ, पावसाच्या वासाचा चुरा मिळतो. आंबा, फणसाची जाड पानं वेळ घेतात, बदाम त्याहून जास्त, त्यांना हाताने चुरडून टाका.

मग मिश्रण. पुण्याची काळी माती या कामाला नको, ती पाणी धरून ठेवते, सुकली की भेगाळते आणि चुनखडीवाली असते, कोकणातली झाडं जांभ्याच्या आंबट मातीत वाढलेली. मी घेतो दोन घमेली लाल माती, दोन घमेली हा पानांचा चुरा, एक घमेलं नारळाच्या सोडणांचे (वरच्या काथ्याच्या सालींचे) तुकडे, एक घमेलं जाडी वाळू. सोडणं आधी दोन दिवस पाण्यात भिजवून ते तपकिरी पाणी ओतून द्यायचं, दोनदा. वरून तीन-चार बोटं न कुजलेली पानं पसरायची. ही वरची पानंच महत्त्वाची, खतापेक्षा जास्त. पाहुणे म्हणतात कुंडीत कचरा साचलाय, साफ कर ना. हो म्हणायचं आणि विषय बदलायचा.

पाण्याचं एक सांगायला हवं. बोअरचं जड पाणी असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात, लोक समजतात पाणी कमी पडलं आणि अजून घालतात. जून-जुलैत कुंड्या उघड्या पावसात ठेवून चांगल्या धुऊ द्या, खालून भरपूर पाणी वाहून गेलं पाहिजे. जमलं तर दोन ड्रम पावसाचं पाणी साठवा, झाकण घट्ट, डासांचं बघा. एसीचं पाणीही चालतं नेच्यांना.

चौथं काम: काय लावायचं

बाल्कनीवाल्यांनी सुरुवात करावी बुश मिरीपासून. मिरीच्या वेलाला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात, एक सरळ वर चढणाऱ्या, पेरापेराला चिकट मुळं असलेल्या, आणि दुसऱ्या बाजूला आडव्या निघणाऱ्या ज्यांना मिरीचे घोस लागतात. चढणाऱ्या फांदीचं रोप केलं की वेल होतो, आडव्या फांदीचं केलं की तो चढायचं विसरतो आणि झुडूपच राहतो, बारा इंची कुंडीत, आधाराशिवाय. आडव्या फांद्यांना मुळं फुटायला वेळ लागतो आणि दहातल्या चार-पाच जगल्या तरी नशीब, त्यामुळे पहिल्यांदा तयार रोप विकत घ्या. पहाटेचं ऊन आणि नंतर सावली, पावसाळ्यात निचरा, एवढ्यावर दुसऱ्या वर्षी घोस धरतात. चार माणसांच्या रश्शाला पुरतील एवढीच मिरी मिळते, पण पिकलेला लाल दाणा झाडावरून तोडून चावून बघा एकदा.

सोबत हंसराज, काळ्या तारेसारख्या देठाचं नाजूक नेचं. कोरडं पडलं की दोन तासात मान टाकतं, त्यामुळे बाकी झाडांना पाणी कधी हवंय ते सांगणारा अलार्म म्हणून उत्तम. पिंपळी जमिनीवर पसरते, मोठ्या कुंडीत दुसऱ्या झाडाच्या पायाशी लावा. वेलची पुण्यात फळ देईल अशी आशा ठेवू नका, पण पान चुरगळलं की वास येतो तेवढ्यासाठी मी ठेवलीय. पेव म्हणून एक झाड आहे, गोल जिन्यासारखी पानं चढत जातात आणि पावसाळ्यात वर पांढरं, क्रेप कागदाचं केल्यासारखं फूल, हिवाळ्यात ते पूर्ण झोपतं. मेलं समजून कुंडी रिकामी करू नका, कंद आत आहेत, पाणी जवळपास बंद करा आणि जूनची वाट बघा.

या सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, एकेकट्या नको. पानं जी वाफ सोडतात ती एकत्र राहते, मार्च-एप्रिलमध्ये याने खरंच फरक पडतो. रोज स्प्रे मारण्यापेक्षा हे बरं, स्प्रेचं पाणी दहा मिनिटांत उडतं आणि आपल्याला उगाच काहीतरी केल्याचं समाधान.

परस किंवा जमीन असेल त्यांच्यासाठी पहिला नंबर कोकमाचा. यात एक गंमत आहे जी माहीत नसेल तर आठ वर्षं फुकट जातात: कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि ते फुलेपर्यंत ओळखता येत नाही. म्हणून कलमच घ्या, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता, कोकण हातीस या जाती मिळतात, फळही लवकर धरतं. जायफळाचंही तेच, नर-मादी वेगळे. पण नुसतं झाड हवं असेल, फळाचा हट्ट नसेल, तर बी लावा, कोकमाचं झाड खाली झुकलेल्या फांद्यांचं, पिरॅमिडसारखं, कोवळी पानं लालसर, शोभेलाही एक नंबर.

सीता अशोक घ्याल तर डोळे उघडे ठेवून. मी पहिल्यांदा नर्सरीत "अशोक द्या" म्हटलं आणि त्यांनी तो उंच सरळ खांबासारखा, लाटालाटांच्या कडांच्या पानांचा दिला, तो अशोक नव्हेच, त्याला फुलं येतात ती हिरवट, कुणाचं लक्षही जात नाही. वर्षभर मी कौतुकाने पाणी घातलं. खरा सीता अशोक पसरट वाढतो, एका देठावर पानांच्या तीन-चार-पाच जोड्या, आणि नवी पालवी येते ती ओल्या रुमालासारखी लोंबकळत, तांबूस, मग आठवडाभरात ताठ होऊन हिरवी. ही लोंबती पालवी दिसली की पैसे द्या. फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये, थेट जुन्या फांद्यांवर, आधी पिवळट-नारिंगी आणि मग लाल. सावलीत वाढतो, मोठ्या ड्रममध्येही काही वर्षं राहतो.

तिरफळाला बुंध्यावर काटे, मुलं खेळतात तिथे नको, पण बांगड्याच्या तिखल्याला ताजं तिरफळ म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला मी सांगायची गरज नाही. नागकेशर फार सावकाश वाढतं, नातवंडांसाठी लावा. सुरंगी मोठी जागा मागते, पण मार्चमध्ये तिच्या जुन्या फांद्यांना जो वास सुटतो आणि वर मधमाश्यांचा जो गुंजारव असतो, वेंगुर्ल्या-सावंतवाडीकडे त्या दिवसांत बाजारात सुरंगीचे वळेसर येतात, पिवळट, घट्ट गुंफलेले, सुकले तरी वास जात नाही. आजी ते कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायची, गणपतीत साड्या काढल्या की घरभर.

बिया: इथे बहुतेक जण चुकतात

आपल्याला सवय टोमॅटो-मिरचीच्या बियांची, वाळवा, डबीत भरा, पुढच्या वर्षी पेरा. सदाहरित रानातल्या बऱ्याच झाडांच्या बिया वाळल्या की मरतात. कोकम, जांभूळ, सुरंगी, फणस, सीता अशोक, सगळ्यांचं हेच. रानात बी पडतं ते ओल्या पाचोळ्यात, वाट बघायची त्याला गरजच नसते. म्हणून बी मिळालं की दोन-चार दिवसांत मातीत. ऑनलाइन "सीता अशोक सीड्स, ५० नग" असं वाळलेलं पाकीट येतं ते घेऊ नका, माझे पैसे गेलेत.

रानातून आणायचीही गरज नाही. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, बाजारात येतात, जूनमध्ये जांभळं, खाऊन झालं की बिया धुऊन, गर चोळून काढून, उंच पिशवीत एक इंच खोल. उंच पिशवी कारण सोटमूळ आधी खाली धावतं, पसरट कुंडीत ते गोल फिरतं आणि पुढे झाड कायम खुरटं राहतं. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब आले तर चकित होऊ नका, एक ठेवा बाकीचे काढा. कोकमाला महिनाही लागतो, रोज उकरून बघू नका (हे मी स्वतःला सांगतोय).

चालण्याचं वेळापत्रक, जे घरच्या कामाशी जुळतं

फेब्रुवारी-मार्चला पालवी आणि सुरंगी बघायला जा, घरी याच वेळी शेडनेट लावा. मे अखेरीस काजवे, करवंदं, आणि घरी पाचोळ्याचा थर जाड करा, पाणी सकाळीच. पहिला पाऊस पडला की सीतेची वेणी हे ऑर्किड फुललेलं असतं, जांभळट ठिपक्यांचे लोंबते तुरे, हमरस्त्यावरच्या आंब्यांवरसुद्धा, गाडी हळू चालवा आणि वर बघा. जुलै-ऑगस्टला रान म्हणजे बुरशी, नेची, शेवाळ, बेगोनियाची गुलाबी फुलं खडकावर. भीमाशंकरला नशीब असेल तर रात्री कुजक्या फांद्यांवर हिरवट चमकणारी बुरशीही दिसते, टॉर्च बंद करून पाच मिनिटं अंधारात उभं राहावं लागतं. घरी या दिवसांत पाणी देणं बंद, फक्त गोगलगायी उचलायच्या, रात्री नऊनंतर, टॉर्च घेऊन. कारवीचं फुलणं सात-आठ वर्षांनी एकदा, ते चुकवू नका, बाकी कामं सोडा.

लांब जाणं होत नसेल तर पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, मोठमोठ्या वेली बुंध्यांना कशा विळखा घालतात ते तिथे दिसतं, गणेशखिंडचं उद्यान आहे, १८७३ सालचं, तेही वारसा स्थळ. मुंबईकरांना भायखळ्याची राणीची बाग, लोक पेंग्विन बघून परत येतात पण सीता अशोक आणि उर्वशी तिथे पाटी लावून उभे आहेत. पाटी असलेल्या झाडाशी आधी ओळख करून घेतली की रानात तेच झाड बिनपाटीचं ओळखता येतं, उलटं जमत नाही.

एक कळकळीचं: बाल्कनीतला जास्त झालेला मनीप्लांट किंवा ती पिवळ्या फुलांची पसरणारी सिंगापूर डेझी ओढ्याकाठी "जगेल बिचारी" म्हणून टाकू नका. जगतेच, आणि बाकी कुणाला जगू देत नाही. रानमोडी आणि घाणेरीने आधीच काय करून ठेवलंय ते घाटात दिसतंच.

शेवटचं काम: ऑर्किड बांधणं

सगळ्यांना हेच हवं असतं म्हणून शेवटी ठेवलं. रानातून आणायचं नाही हे झालंच. नर्सरीत डेंड्रोबियमची हायब्रीड रोपं मिळतात, त्यांच्यावर हात बसवा. कुंडीत मातीत लावलंत तर मुळं कुजतात, ती मुळं हवेतली आहेत, त्यांच्यावरचा पांढरा स्पंजी थर पाऊस पडला की पाणी शोषतो आणि हिरवट होतो, मग परत सुकतो, हे सुकणंही त्यांना लागतं. आंब्याच्या किंवा फणसाच्या खडबडीत सालीवर, दुपारी ऊन लागणार नाही अशा बाजूला, खांद्याच्या उंचीवर जागा निवडा. पेरू नको, त्याची साल सोलून पडते आणि ऑर्किडही पडतं, मला माहीत आहे. झाड नसेल तर कौलाचा तुकडा किंवा नारळाचं सोडण भिंतीवर टांगा.

जूनचा पहिला आठवडा सगळ्यात बरा. रोपाच्या मागे सोडणाच्या चार शिरा, ऑर्किडचा बुडखा सालीला टेकवून, मुळं दोन्ही बाजूंना पसरून सुती चिंधीने किंवा जुन्या बनियनच्या पट्टीने बांधा, तार नको. हलता कामा नये, हललं की कोवळ्या मुळाचं टोक घासलं जातं आणि ते धरत नाही. पावसाळाभर बघायचं नाही. ऑक्टोबरात नवीन मुळं सालीला चिकटलेली दिसली, नखाने हलवून हलली नाहीत, की पट्टी कापून टाका. सुती असेल तर एव्हाना अर्धी कुजलेली असतेच. मी एकदा नायलॉनची सुतळी बांधून विसरलो होतो, तीन वर्षांनी बघितलं तर ऑर्किड मजेत होतं आणि आंब्याची फांदी सुतळीभोवती सुजून चिरलेली.